निसटलेलं पातं : कुऱ्हाड, दांडा आणि कलम ८०

आपल्या फौजदारी कायद्यात एक कुऱ्हाड आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ती कलम ८० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, शेकडो कलमांचे क्रमांक बदलले, पण ही कुऱ्हाड गेली नाही. ती आता कलम १८ मध्ये आहे. कलमाखाली दिलेलं उदाहरण असं : एक माणूस कुऱ्हाडीनं काम करतो आहे, पातं दांड्यातून निसटतं, उडतं आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला लागून तो मरतो. कुऱ्हाड चालवणाऱ्यानं योग्य ती काळजी घेतलेली असेल, तर हा गुन्हा नाही.

कायद्याचं शिक्षण घेणारा प्रत्येक विद्यार्थी हे उदाहरण वाचतो आणि पुढं जातो. मी कायद्याचा विद्यार्थी नाही, उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर आहे. पण हे उदाहरण वाचल्यापासून मला एक प्रश्न सोडत नव्हता. अपघाताची हजार उदाहरणं देता आली असती. घोडागाडी होती, बंदूक होती, छपरावरून पडणारं कौल होतं. मग कुऱ्हाडच का? आणि तीही दांड्यातून निसटलेलीच का? या प्रश्नाचा माग काढत गेलो तर वाट फार लांब गेली. यार्देन नदीच्या काठावरून, मदिन्याच्या गल्लीतून, इंग्लंडच्या न्यायालयातून आणि कलकत्त्याच्या निझामत अदालतीतून ती वाट आपल्या तालुक्याच्या कोर्टापर्यंत येते.

पण आधी कुऱ्हाड समजून घेऊ. पातं का निसटतं हे कळल्याशिवाय दोष कोणाचा हे ठरवता येत नाही.

लोखंड बदलत नाही, लाकूड बदलतं

आठवडे बाजारात लोहाराकडं कुऱ्हाड घ्यायला गेलात तर पुष्कळदा नुसतं पातं मिळतं. दांडा आपला आपण बसवायचा. पात्याला जे भोक असतं त्याला सुईच्या भोकासारखंच नेढं म्हणतात. दांड्याचं डोकं तासून त्या नेढ्यात ठोकायचं, दांड्याच्या टोकाला आधीच करवतीनं चीर पाडलेली असते, त्या चिरेत वाळलेल्या कठीण लाकडाची पाचर मारायची. पाचर आत गेली की दांड्याचं डोकं फाकतं आणि नेढ्याच्या दोन्ही भिंतींना दाबून बसतं. पातं धरून ठेवलेलं असतं ते या दाबानं. तिथं डिंक नसतो, खिळाही बहुतेक वेळा नसतो.

अडचण अशी की लोखंड जिथल्या तिथं राहतं आणि लाकूड मात्र हवेबरोबर बदलत राहतं. पावसाळ्यात ते पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात सुकून आकसतं. ओल्या लाकडाचा दांडा केला असेल तर तो पहिल्याच उन्हाळ्यात ढिला होणार. म्हणून जुने सुतार धावड्याचं किंवा बाभळीचं लाकूड आधी महिनोन्‌महिने सावलीत वाळवायचे आणि मगच दांडा करायचे. धावड्याचं लाकूड चिवट. घाव सोसतं, पटकन चिरत नाही.

पातं हलायला लागलं की बहुतेक लोक एक सोपा उपाय करतात. कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात. सकाळी पातं घट्ट! पण हा घट्टपणा फसवा असतो. लाकूड फुगतं, पण चारी बाजूंनी लोखंड असल्यामुळं त्याला पसरायला जागा नसते. मग त्याचे आतले धागेच चेंगरतात. दोन दिवसांनी ते सुकतं तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त बारीक होतं आणि पातं आधीपेक्षा जास्त हलतं. खरा उपाय वेगळा आहे. जुनी पाचर काढायची किंवा आणखी आत ठोकायची, गरज पडली तर नवी रुंद पाचर करायची, आणि दांड्याच्या टोकाला जवसाचं तेल पाजायचं. पातं खाली लोंबतं ठेवून दांड्याच्या बुडावर लाकडी ठोकणीनं ठोकलं तर पातं आपोआप दांड्यावर वर चढतं. हात उलटा चालल्यासारखा वाटतो, पण कारण सरळ आहे : जड पातं जागेवर राहतं आणि हलका दांडा त्यातून पुढं सरकतो.

टिकावाचं तंत्र याच्या उलट. त्याचा दांडा वरून घालतात आणि दांड्याचं वरचं टोक जाड असतं. जितक्या जोरानं टिकाव फिरवाल, तितकं त्याचं लोखंड जाड टोकाकडं ओढलं जातं आणि आणखी घट्ट बसतं. उत्तर अमेरिकेतल्या टॉमहॉकचीही रीत हीच. टॉमहॉक हा शब्द व्हर्जिनियाकडच्या मूळ रहिवाशांच्या अल्गॉन्क्वियन भाषेतला. युरोपियन व्यापाऱ्यांनी त्यांना लोखंडी पाती विकायला सुरुवात केली, आणि त्यातल्या पुष्कळ पात्यांना गोल, निमुळतं नेढं होतं. दांडा वरून घालायचा, पाचरीची गरज नाही, दांडा मोडला तर जंगलातच दुसरा तासून घालायचा.

पाच हजार वर्षांची एकच डोकेदुखी

पातं आणि दांडा यांचा जोड हा माणसाच्या सगळ्यात जुन्या तांत्रिक प्रश्नांपैकी एक. १९९१ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात एका माणसाचं प्रेत सापडलं. तपासणीत कळलं की तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा आहे. ‘ओट्झी’ नावानं तो जगभर प्रसिद्ध झाला. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची पूर्ण कुऱ्हाड होती, दांड्यासकट. पातं साधारण साडेनऊ सेंटिमीटर, दांडा साधारण ६० सेंटिमीटर, यू नावाच्या झाडाचा. दांड्याचं टोक गुडघ्यासारखं वाकलेलं, त्याला खाच, खाचेत पातं; भूर्ज वृक्षाच्या डिंकासारख्या डांबरानं चिकटवलेलं आणि वरून चामड्याच्या वाद्यांनी गच्च आवळलेलं. त्या पात्याला नेढं नाही. सगळा भरवसा डांबरावर आणि वादीवर.

आपल्याकडंही सुरुवात तशीच. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे गाव आहे. तिथं १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला त्या गावाचंच नाव मिळालं. जोर्व्याच्या कुऱ्हाडी सपाट आहेत, त्यांनाही नेढं नाही. सिंधू संस्कृतीतल्या बहुतेक कुऱ्हाडीही सपाटच. मोहेंजोदडोच्या वरच्या थरात नेढं असलेली कुऱ्हाड सापडली तेव्हा ती इतकी वेगळी वाटली, की अभ्यासकांनी तिचा संबंध पश्चिमेकडच्या प्रदेशांशी जोडला. मेसोपोटेमियात मात्र इसवीसनपूर्व तिसऱ्या सहस्रकातच नेढ्यासकट कुऱ्हाडी ओतल्या जात होत्या.

सपाट पात्याची खोड काय? प्रत्येक घावाबरोबर ते मागं सरकतं आणि दांड्यालाच फोडतं. युरोपातल्या कांस्ययुगीन कारागिरांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलं. आधी पात्याच्या कडा उचलल्या, म्हणजे ते डावी-उजवीकडं हलू नये. मग मधे एक आडवा बांध ठेवला, म्हणजे ते मागं जाऊ नये. मग पातं पोकळ करून दांड्यावर टोपीसारखं बसवलं आणि बाजूला कडी ठेवली, म्हणजे दोरीनं बांधता यावं. धार हजारो वर्षं जवळजवळ तीच राहिली, बदलत गेला तो जोड.

विदर्भाचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. नागपूरच्या आसपास माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथं महापाषाणीय लोकांची शिळावर्तुळं आहेत, इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकातली. त्या दफनांमध्ये लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या. त्यांनाही नेढं नाही, पण त्यातल्या काहींवर लोखंडाच्या आडव्या पट्ट्यांची कडी आहे, पातं दांड्याला जखडणारी. वादी कुजते, डांबर वितळतं, म्हणून त्या लोहारानं लोखंड लोखंडानंच बांधलं. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीही सापडली आहे. म्हणजे हे सगळं तिथंच, आपल्याच मातीत चाललं होतं.

एवढी खटपट का? कुऱ्हाड ढिली झाली तर काम थांबतं, हे एक कारण. दुसरं कारण त्याहून मोठं. ढिलं पातं माणूस मारतं.

यार्देनच्या काठावर

तौरातच्या पाचव्या पुस्तकात, मराठी बायबलमध्ये ज्याला ‘अनुवाद’ म्हणतात, १९ व्या अध्यायात हा प्रसंग आहे. एक माणूस शेजाऱ्याबरोबर रानात लाकडं तोडायला जातो. घाव घालताना लोखंड दांड्यातून निसटतं आणि शेजारी मरतो. दोघांमध्ये आधीचं वैर नव्हतं. आता काय करायचं?

त्या काळात रक्ताचा बदला घेणं हे मृताच्या नातलगाचं कर्तव्य मानलं जाई. तो संतापलेला नातलग मुद्दाम मारलं की चुकून मारलं, हे बघत बसणार नव्हता. म्हणून शरीअत-ए-मूसानं सांगितलं की देशात काही नगरं आश्रयासाठी राखून ठेवा आणि तिथं जायचे रस्ते नीट करा. अपघातानं खून झालेला माणूस तिथं पळून गेला की त्याचा जीव वाचला. रस्त्यांची ती सूचना मला फार बोलकी वाटते. कायदा नुसता लिहून भागत नाही, त्याच्यापर्यंत पोचायची वाटही चालती असावी लागते.

म्हणजे आपल्या कलम ८० मधली कुऱ्हाड इथली आहे. ती एका फार जुन्या रानातून निघाली.

त्याच ग्रंथसंग्रहात आणखी एक निसटलेली कुऱ्हाड आहे. अलीशा नबी, कुरआनात ज्यांचं नाव अल-यसा असं येतं, त्यांचे शिष्य यार्देन नदीच्या काठी घर बांधायला लाकडं तोडत होते. एकाच्या कुऱ्हाडीचं पातं पाण्यात पडलं. तो कळवळून ओरडला, कारण कुऱ्हाड उसनी होती. पुढं अलीशांच्या चमत्कारानं लोखंड पाण्यावर तरंगलं, अशी कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी त्या माणसाचा कळवळा खरा आहे. लोखंड महाग, आपण गरीब, आणि वस्तू दुसऱ्याची.

इंग्लंडात कुऱ्हाडच गुन्हेगार

प्राचीन अथेन्समध्ये माणूस मारणाऱ्या निर्जीव वस्तूवरही खटला चालत असे आणि ती देशाच्या सीमेबाहेर टाकली जाई. इंग्लंडातही असाच एक जुना नियम होता, ‘डिओडँड’. म्हणजे देवाला अर्पण केलेली वस्तू. ज्या वस्तूमुळं माणूस मेला ती वस्तू, किंवा तिची किंमत, राजाकडं जमा. बैल असो, गाडी असो, नाहीतर कुऱ्हाड. पुढं रेल्वे आली, इंजिनाखाली माणसं मरू लागली आणि ज्यूरी इंजिनांवर मोठमोठे डिओडँड ठोठावू लागली. तेव्हा १८४६ मध्ये हा नियमच रद्द झाला. वस्तू गरिबांच्या होत्या तोवर नियम शतकानुशतकं टिकला, कंपन्यांच्या झाल्यावर फार टिकला नाही. इतिहासात अशा जागा येतात, तिथं जरा थांबावं.

इंग्लिश कायदेपंडित मात्र दुसरीकडं तौरातमधली ती कुऱ्हाड हातात घेऊनच विचार करत होते. १७६० च्या दशकात विल्यम ब्लॅकस्टोननं इंग्लंडच्या कायद्यावर चार खंड लिहिले. चौथ्या खंडात, अपघाती मृत्यूच्या प्रकरणात, त्यानं पहिलंच उदाहरण दिलं ते कुऱ्हाडीनं काम करणाऱ्याचं आणि पातं उडून मरणाऱ्या माणसाचं. हिंदुस्थानासाठी दंड संहिता तयार करणारे लोक ब्लॅकस्टोन वाचून मोठे झालेले होते.

मदिन्यात दांडा कोणी बसवला

आता तिसरी वाट. सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येचा नियम आहे. फुकहांनी त्याला ‘कत्ल-ए-खता’ म्हटलं. चुकून मारणाऱ्याला मृत्युदंड नाही. पण त्याच्यावर दोन गोष्टी येतात. एक, मृताच्या वारसांना दियत, म्हणजे भरपाई, वारसांनी स्वतःहून माफ केली नाही तर. दोन, कफ्फारा : त्या काळाच्या समाजात एका गुलामाला मुक्त करणं, आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे.

इथं तौरातच्या नियमात आणि या नियमात एक फरक दिसतो. तौरात मारणाऱ्याचा जीव वाचवते. कुरआन त्याचा जीव तर वाचवतोच, पण मरणाऱ्याच्या घराकडंही बघतो. त्या घरातला कमावता माणूस गेला आहे. हेतू नव्हता हे खरं, पण चूल विझली हेही खरं.

फुकहांनी आणखी एक व्यवस्था सांगितली. चुकून झालेल्या हत्येची दियत एकट्या मारणाऱ्यानं भरायची नाही, त्याच्या ‘आकिला’नं, म्हणजे भाऊबंदांच्या किंवा सहकाऱ्यांच्या गटानं मिळून, तीन वर्षांच्या हप्त्यांत भरायची. लाकूडतोड्या गरीब असतो. एका ढिल्या पात्यापायी दोन घरं उद्ध्वस्त होऊ नयेत म्हणून ओझं वाटून घ्यायचं. आजच्या भाषेत याला विमाच म्हणावं लागेल. दियतीच्या जुन्या मसाइलमध्ये स्त्री-पुरुषाच्या रकमेत फरक होता, त्यावर आजचे मुस्लिम अभ्यासकही टीका करतात आणि ती टीका योग्य आहे. पण मुळातला विचार पक्का आहे : गुन्हा नसला तरी देणं असतं.

आणि याच मदिन्यात आपल्या विषयाचा एक दुसरा प्रसंगही घडला. सुनन अबू दाऊद आणि इब्न माजा या हदीस-संग्रहांत हजरत अनस यांच्या नावानं तो येतो. एक अन्सारी माणूस पैगंबरांकडं मागायला आला. त्यांनी विचारलं, घरात काही आहे का? तो म्हणाला, एक जाडंभरडं कापड आहे, अर्धं पांघरतो आणि अर्धं अंथरतो, आणि पाणी प्यायचं एक भांडं आहे. पैगंबरांनी दोन्ही वस्तू मागवल्या आणि तिथंच लिलाव केला. एकानं एक दिरहम सांगितला, दुसऱ्यानं दोन दिले. त्यांनी त्या माणसाला सांगितलं, एका दिरहमाचं धान्य घरी दे आणि दुसऱ्या दिरहमाची कुऱ्हाड घेऊन ये. तो नुसतं पातं घेऊन आला. पैगंबरांनी स्वतःच्या हातानं त्यात दांडा बसवला आणि म्हणाले, जा, लाकडं तोड, विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस. तो परत आला तेव्हा त्याच्याकडं दहा दिरहम होते.

या रिवायतीच्या सनदीतल्या एका रावीबद्दल मुहद्दिसांनी शंका घेतली आहे, हे सांगणं माझं काम आहे. पण आपल्या मशिदींत ही हदीस नेहमी सांगितली जाते, आणि सांगताना सगळा भर भीक न मागण्यावर असतो. माझं लक्ष दांड्यावर जातं. अल्लाहचे रसूल त्या माणसाला म्हणू शकले असते की दांडा तू बसव. त्यांनी तसं केलं नाही. ज्याला पहिल्यांदा हत्यार हातात देतो आहोत, त्याचं हत्यार आपण नीट करून द्यावं. कामाला पाठवणाऱ्याची ही जबाबदारी आहे, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातांनी पार पाडली.

कलकत्ता, मुंबई आणि ताझिरात-ए-हिंद

ईस्ट इंडिया कंपनीनं बंगालचा कारभार हातात घेतला तेव्हा तिथल्या फौजदारी अदालतींत हनफी कायदा चालत होता. काझी आणि मुफ्ती फतवा देत, त्यावर निकाल होई. कंपनीनं तो कायदा एकदम उचलून फेकला नाही, हळूहळू कातरला. इमाम अबू हनीफांच्या मतानुसार हत्येचा हेतू बऱ्याच अंशी हत्यारावरून ठरे. लोखंडाचं धारदार हत्यार वापरलं असेल तर हेतू गृहीत. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांचं मत वेगळं होतं. १७९० मध्ये कॉर्नवॉलिसनं शिष्यांच्या बाजूनं कौल दिला : हत्यार बघू नका, हेतू बघा. वारसांचा माफीचा हक्कही काढून घेतला. आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत दियतीच्या जागी तुरुंगवास आला.

या बदलातलं काही चांगलं होतं. श्रीमंत खुन्यानं पैसे देऊन सुटावं, हे थांबलं. पण एक गोष्ट हातातून गेली. भरपाई मृताच्या घरी जात होती, तुरुंगवास कोणाच्याच घरी जात नाही. आपल्या मुंबई इलाख्यात तर १८२७ मध्येच एल्फिन्स्टनच्या काळात वेगळी दंडसंहिता लागू झाली होती.

१८३४ च्या सुमारास मेकॉले हिंदुस्थानात आला, १८३७ मध्ये त्याच्या आयोगानं संहितेचा मसुदा दिला. तो वर्षानुवर्षं पडून राहिला. १८५७ चं बंड झालं, कंपनीचं राज्य गेलं, आणि १८६० मध्ये संहिता मंजूर झाली. मेकॉले त्याआधी काही महिने वारला होता. १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली, आणि तिच्यासोबत कलम ८० ची कुऱ्हाड देशभर पोचली.

उर्दूच्या शिक्षकाला इथं एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. या संहितेचा उर्दू तर्जुमा ‘ताझिरात-ए-हिंद’ या नावानं झाला, आणि त्यात मौलवी नझीर अहमद यांचा मोठा वाटा होता. हे तेच डेप्युटी नझीर अहमद, ज्यांनी १८६९ मध्ये ‘मिरात-उल-उरूस’ लिहिली, जिला उर्दूतल्या पहिल्या कादंबऱ्यांत गणतात. पोलीस आणि कोर्टाच्या उर्दूत आज जे शब्द रुळले आहेत, त्यांच्या घडणीत त्या तर्जुम्याचा हात आहे. पाकिस्तानात दंडसंहितेला आजही ताझिरात-ए-पाकिस्तान म्हणतात, आणि तिच्या ८० व्या कलमात तीच कुऱ्हाड आहे. फाळणीत बरंच काही वाटलं गेलं, पण हे पातं आणि हा दांडा दोन्हीकडं सारखाच राहिला.

दांड्याला दोष का?

मराठीत एक म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांडा लाकडाचा, आणि तोच झाडांच्या मुळावर उठतो. म्हण शिकवताना वर्गात मी मुलांना विचारतो, दांड्यानं काय करायला हवं होतं? मुलं गोंधळतात. एकदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, दांडा काही स्वतः चालत नाही, त्याला कोणीतरी धरतं.” तिला पूर्ण गुण दिले.

मराठीत ‘पाचर मारणं’ हा वाक्प्रचारही आहे. दोघांत फूट पाडणं, चाललेल्या कामात खोडा घालणं, असा त्याचा अर्थ. लाकूड फोडताना तो खरा आहे. पण कुऱ्हाडीच्या डोक्यात मारलेली पाचर जोडते. त्याच पाचरीमुळं पातं दांड्यात राहतं आणि शेजारी जिवंत राहतो. एकच वस्तू; कुठं मारता, त्यावर सगळं. समाजाबद्दल बोलताना हे दोन्ही शब्द आपण फार सहज एकमेकांच्या तोंडावर फेकतो, म्हणून आठवण करून दिली.

आता कलम १८ कडं परत येऊ, कारण खरा प्रश्न तिथं आहे. कायदा म्हणतो, कायदेशीर काम, कायदेशीर रीतीनं, गुन्ह्याचा हेतू नसताना आणि योग्य काळजी घेऊन केलं असेल तर अपघाताला शिक्षा नाही. या वाक्यातला सगळा भार ‘योग्य काळजी’वर आहे. सकाळी दांडा हलवून पाहिला होता का? पातं हलतंय हे माहीत असून काम चालू ठेवलं का? माणसं जवळ उभी असताना घाव घातला का? काळजी घेतली नसेल तर प्रकरण निष्काळजीपणानं झालेल्या मृत्यूत जातं. १८७० मध्ये त्यासाठी ३०४ अ हे कलम घालण्यात आलं, आजच्या संहितेत ते १०६ आहे.

पण काळजी कोणी घ्यायची? ज्याच्या हातात कुऱ्हाड, त्यानं, असं कायद्याचं उदाहरण सांगतं. ब्लॅकस्टोनचा लाकूडतोड्या स्वतःच्या कुऱ्हाडीचा मालक असावा. आपल्या आजूबाजूला तसं नसतं. रस्त्याच्या कामावर, वखारीत, बांधकामावर हत्यार मुकादमाचं किंवा ठेकेदाराचं असतं. मजूर सकाळी नाक्यावर उभा राहतो, गाडीत बसतो आणि मिळेल ते हत्यार उचलतो. हत्यार नीट नाही म्हणाला तर उद्या त्याला कोणी बोलावत नाही. बादलीत भिजवून घट्ट केलेली कुऱ्हाड त्याच्या हातात येते, ऊन चढतं, लाकूड सुकतं, आणि दुपारी जे व्हायचं ते होतं. मग पंचनाम्यात एकच शब्द उरतो : अपघात.

अपघात हा शब्द प्रामाणिक असू शकतो, आणि तो प्रकरण मिटवायलाही वापरला जाऊ शकतो. १९२३ मध्ये या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला, तेव्हा त्यानं एक मोठी गोष्ट मान्य केली. कामावर माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर चूक कोणाची, हेतू काय, हे सिद्ध करत बसायची गरज नाही, मालकानं द्यायचं. दियतीतला विचार वेगळ्या वाटेनं, वेगळ्या भाषेत परत आला, असं मला वाटतं. गुन्हा नसला तरी देणं असतं. पण ते मिळवायला हजेरीपटावर नाव लागतं, मालक कोण हे दाखवावं लागतं. नाक्यावरच्या मजुराकडं यातलं काहीच नसतं. तौरातच्या भाषेत सांगायचं तर आश्रयाचं नगर आहे, पण तिथं जाणारा रस्ता कोणी नीट केलेला नाही.

आपल्या मोहल्ल्यांत लाकडाच्या वखारी आहेत, सुतार आहेत, गॅरेजवाले आहेत, बांधकामाचे छोटे ठेकेदार आहेत. यातले कित्येक जण जुम्म्याच्या खुतब्यात ती दोन दिरहमांची हदीस ऐकून डोळे पुसतात. त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. मजुराला काम देणं सवाबाचं आहेच, पण त्या हदीसमध्ये काम देणाऱ्यानं आधी दांडा बसवला होता. हत्यार देण्याआधी पातं हलवून बघा. हलत असेल तर पाण्यात बुडवू नका, पाचर काढा, वाळलेलं लाकूड घ्या, नवी पाचर मारा. दहा मिनिटांचं काम आहे. हजेरीच्या वहीत मजुराचं पूर्ण नाव लिहा, ते तर एका मिनिटाचं काम आहे.